मानस

आमच्या शिरोड्यात मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं दार,
जुन्या लाकडाची जाड फळी;
भरतीला आपोआप मिटते,
सुकतीला आपोआप उघडते,
शेतातलं जास्तीचं पाणी जुवारीला परत देते.
लहानपणापासून ठाऊक होतं मला हे.
उपयोग चौतिसाव्या वर्षी झाला.

वेर्ण्याच्या कारखान्यात मी औषधं तपासते.
गोळी किती मिनिटांत विरघळते,
पांढऱ्या कोटात उभी राहून लिहिते.
बढती मिळाली त्या चवथीपासून
झोप गेली.
रात्री तीनला पंख्याची पाती मोजायची,
तीनच होती,
तरी पुन्हा मोजायची.
सकाळी बस, डबा, पंच.
"कशी आहेस?"
"बरी."
हा एक शब्द सात महिने
रबरी शिक्क्यासारखा वापरला मी.

मग एका गुरुवारी दशांशचिन्ह एक घर सरकलं.
पॉइंट दोन पाचचं दोन पॉइंट पाच.
फ्लोरियानोने सही करायच्या आधी पाहिलं.
ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.
पेनाला टोपण लावत म्हणाला,
"तू घरी जा. कागद कुठे पळत नाही."
आग लागल्यावर वापरायच्या जिन्यात
मी जाऊन बसले.
आग कुठेच नव्हती.

"बांबोळीला गेलीस म्हणून कुणी विचारलं,
तर मणक्याचं सांग," आई म्हणाली.
मणक्याला आमच्याकडे मान आहे.
डॉक्टर इमेल्डांनी पहिल्या दिवशी विचारलं,
"दुपारचं कुठे बसून जेवतेस?"
मी म्हटलं, उभ्यानं. यंत्राशेजारी.
आणि एवढ्या साध्या उत्तरानंतर
चाळीस मिनिटं माझ्यानं बोलवेना.

रजेत संध्याकाळी बांधावर जायची.
शाबू गावकर काठीनं फळीतला केर काढत असायचा,
पिशव्या, सोडणं, एकदा कुणाची तरी चप्पल.
"अमाशेला सगळे बांध बघायला येतात, बाये.
बांध मोडतो तो कुर्लीच्या बिळानं.
आणि फळी अडकली की संपलं.
उघडी अडकली तर खारं पाणी आत,
शेत तीन वर्षं गेलं.
मिटून अडकली
तर आपल्याच पाण्यात भात कुजतं."
विडी पेटवून तो भरतीची वाट बघत बसला.
माझ्याबद्दल बोलत नव्हता तो.
म्हणूनच मला ऐकू आलं.

आता दर मंगळवारी चारला निघते.
रजेच्या वहीत, कारणाच्या रकान्यात
आधी 'वैयक्तिक' लिहायची.
आता 'मानसोपचार' लिहिते,
आणि पहिल्या तीन अक्षरांपाशी
शाबूची काठी दिसते.
जेवते बसून.
रात्री अर्धी गोळी घेते;
तिचंही दशांशचिन्ह कुणीतरी कुठेतरी
जागच्या जागी ठेवलं असणार.
पंखा अजून मोजते कधी कधी.
तीन.

परवा एका आलेखाच्या उतारावर
केसाएवढा खांदा दिसला.
मागच्या वर्षीच्या मला दिसला नसता,
किंवा दिसून वाटलं असतं, मरू दे.
बॅच थांबवली. नऊ लाख गोळ्या.
मॅनेजर चिडले, फेरतपासणी झाली,
मग म्हणाले, "ठीक."
एवढंच.
त्या 'ठीक'ला उशाशी घेऊन
मी सहा तास झोपले.

काल बसमध्ये पॅकिंगची पेर्पेत शेजारी बसली.
एरवी नुव्यापर्यंत तिचं हसणं थांबत नाही.
काल पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली,
सोडवत राहिली.
लोटली आलं. उठली.
दांड्याला धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तुझी ती मणक्याची डॉक्टर...
शनिवारी बसते?"

बसते, म्हटलं.
ती उतरली.
बोरीच्या पुलावरून खाली पाहिलं,
पाणी समुद्राकडे निघालं होतं,
आणि काठाकाठानं कुठेतरी
फळ्या उघडत असणार.